नाशिकमध्ये इम्प्रोव्हाइज्ड म्युझिकचा पहिला लाइव्ह प्रयोग करायचाय? मग हे आधी वाचा

नाशिकमध्ये भावगीतांचा कार्यक्रम, शास्त्रीय मैफल किंवा ऑर्केस्ट्रा करायचा म्हटलं तर हॉलवाल्यापासून साऊंडवाल्यापर्यंत सगळ्यांना काय काय लागतं ते पाठ असतं. पण चार जण बसणार, आधी काहीच बसवलेलं नाही, राग नाही, ताल नाही, चाल नाही, एक जण तांब्याच्या घागरीवर व्हायोलिनचा गज फिरवणार, दुसरा गिटार टेबलावर आडवी ठेवून वाजवणार आणि जे काय व्हायचं ते तिथल्या तिथे होणार, असं सांगितलं की समोरचा विचारतो, "म्हणजे नक्की काय करणार तुम्ही?" हा प्रश्न तुम्हाला हॉलच्या ऑफिसात विचारतील, पोलीस स्टेशनला विचारतील, घरी तर विचारतीलच.

आमचा ग्रुप या सगळ्यातून गेलाय. त्यामुळे ज्यांचा छोटा ग्रुप आहे, घरी किंवा कोणाच्या गच्चीवर वाजवून झालंय आणि आता लोकांसमोर यायचंय त्यांच्यासाठी क्रमाने लिहितोय. सगळ्या पायऱ्यांमागे एकच गोष्ट आहे ती आधीच सांगतो. या संगीतात सगळ्यात बारीक आवाज सगळ्यात महत्त्वाचा असतो. तो शेवटच्या माणसाला ऐकू गेला पाहिजे. हॉल कुठला, तारीख कुठली, माईक किती, लोक किती, सगळं यावरून ठरवायचं.

१. आपण काय वाजवतोय ते आधी आपल्याला सांगता आलं पाहिजे

इम्प्रोव्हायझेशन आपल्याला नवीन नाही, ख्यालातली बढत ऐनवेळीच होते. पण तिथे राग ठरलेला असतो, ताल ठरलेला असतो, सम कुठे येणार ते ऐकणाऱ्यालाही माहीत असतं. इथे यातलं काहीच ठरलेलं नसतं, उरतात फक्त वाजवणारी माणसं, त्यांची वाद्यं आणि ती खोली. याला फ्री इम्प्रोव्हायझेशन म्हणतात आणि त्याला आता साठ वर्षं झाली. लंडनचा एएमएम हा ग्रुप १९६५ चा, शिकागोच्या कृष्णवर्णीय संगीतकारांची एएसीएम ही संघटना त्याच वर्षीची, रोमचा म्युझिका इलेट्रोनिका व्हिवा १९६६ चा. रोमवाल्यांनी काचेची प्लेट आणि तेलाचा डबा कॉन्टॅक्ट माईक (वस्तूलाच चिकटवून तिची कंपनं पकडणारा माईक) लावून वाजवला. लंडनच्या कीथ रो यांनी गिटार गळ्यात अडकवायची सोडून टेबलावर आडवी ठेवली. ऑस्ट्रेलियातला द नेक्स हा तिघांचा ग्रुप तर १९८७ पासून पियानो, डबल बास आणि ड्रम्स घेऊन बसतो आणि आधी काहीही न ठरवता साधारण तासाभराचा एकच सलग तुकडा वाजवतो.

एवढी माहिती जवळ असली की "हे काय नवीनच काढलंय" याला नीट उत्तर देता येतं. पण अर्जावर हे सगळं लिहायला जाऊ नका, तिथे सरळ "वाद्यसंगीताचा कार्यक्रम" लिहा, ते खरंही आहे आणि समजायलाही सोपं आहे.

२. ग्रुप तीन ते पाच जणांचाच ठेवा

पहिल्या प्रयोगाला तीन किंवा चार जण बेस्ट, पाच म्हणजे कमाल. सहाच्या पुढे गेलात की कोण काय वाजवतंय ते वाजवणाऱ्यांनाच ऐकू येत नाही आणि मग प्रत्येक जण आपला आवाज वाढवतो. जास्त माणसं घ्यायचीच असतील तर एकाने समोर उभं राहून हाताच्या खुणांनी चालवायची पद्धत आहे, अमेरिकेत बुच मॉरिस यांनी १९८५ पासून ती कंडक्शन या नावाने केली, पण ती शिकायलाच वेगळा वेळ द्यावा लागतो. सुरुवातीला नको.

माणसं निवडताना तयारी कमी बघा, थांबता येतं का ते जास्त बघा. उत्तम तबला वाजवणारा पण हात न थांबणारा माणूस या ग्रुपमध्ये सगळ्यांना त्रास देतो, आणि जेमतेम हार्मोनियम येणारी पण कान उघडे ठेवून बसणारी मुलगी अख्खा कार्यक्रम उचलून धरते. आवाजांची जात वेगवेगळी असू द्या, म्हणजे एक जण लांब स्वर धरणारा (हार्मोनियम, व्हायोलिन, बासरी काहीही), एक ठोक्यांचा आणि एक इलेक्ट्रॉनिकवाला.

नाशिक म्हटलं की ढोल आलाच. ढोल जरूर घ्या, पण हॉलमध्ये टिपरूने (काठीने) वाजवला तर बाकी सगळे संपले. बोटांनी, तळव्याने, कपडा टाकून, पानावर (चामड्यावर) नुसता हात घासून वाजवून बघा, ढोलाचा हा आवाज मिरवणुकीत कधीच ऐकू येत नाही आणि तो फार सुंदर असतो. संबळाचंही तसंच.

३. तालीम करायची, आणि भरपूर करायची

"आधी ठरवायचं नाही तर तालीम कशाची?" असं सगळे विचारतात. तालीम ऐकण्याची. फुटबॉलवाले मॅच आधी बसवत नाहीत पण प्रॅक्टिस रोज करतात, तसं. हे काही सराव आमच्या कामी आले:

- एक मिनिटाचे तुकडे. घड्याळ लावून बरोबर एका मिनिटात सुरुवात, मध्य, शेवट. असे दहा सलग. यातून शेवट करायची सवय लागते, आणि नवीन ग्रुपची सगळ्यात मोठी अडचण हीच असते की संपवता येत नाही.
- जोड्या. चार जण असाल तर एका वेळी दोघांनीच वाजवायचं, बाकी दोघांनी फक्त ऐकायचं आणि नंतर काय ऐकलं ते सांगायचं. छान होतं, मस्त होतं हे चालणार नाही, काय ऐकलं तेच सांगायचं.
- सगळ्यात हळू. वीस मिनिटं अशी वाजवायची की शेजारच्याचा आवाज आपल्या आवाजाखाली कधीच गेला नाही पाहिजे. हा सराव अवघड आहे आणि हाच सगळ्यात जास्त करा.
- नुसती शांतता. पाच मिनिटं कोणीच वाजवायचं नाही, खोलीत काय काय ऐकू येतं ते ऐकायचं. बाहेरची रिक्षा, कुकरची शिट्टी, ट्यूबलाइटचा चोक. प्रयोगाच्या दिवशी हॉलमध्ये हे आवाज असणारच आहेत, त्यांची भीती गेली पाहिजे.

प्रत्येक तालीम मोबाइलवर का होईना रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दोन-तीन दिवसांनी ऐका. लगेच ऐकलं की आपण वाजवताना काय वाटलं तेच परत ऐकतो.

एक ट्रॅप इथे नक्की येतो. कुठल्यातरी तालमीत काहीतरी फार भारी होतं आणि मग पुढच्या तालमीला सगळे तेच परत आणायला बघतात. ते येत नाही आणि आलं तरी मेलेलं येतं. झालं ते झालं, सोडून द्या. आणि दुसरं म्हणजे "बॅकअप म्हणून एक यमनची चीज तयार ठेवू" असं कोणीतरी म्हणतंच. ठेवू नका. बॅकअप आहे हे माहीत असलं की अडचणीच्या जागी सगळे तिकडेच पळतात, आणि अडचणीच्या जागीच तर काहीतरी नवीन होत असतं.

४. जागा: आधी कानाने बघा, मग डोळ्याने

महाकवी कालिदास कलामंदिर महापालिकेचं आहे, मोठं आहे, नाव आहे, त्यामुळे सगळ्यांना आधी तेच सुचतं. पहिल्या प्रयोगाला नको. पन्नास-साठ लोक येणार, ते एवढ्या मोठ्या हॉलमध्ये विखरून बसणार, आणि बारीक आवाज पोचवायला मोठा साऊंड लावावा लागणार. परशुराम साईखेडकर नाट्यगृह सार्वजनिक वाचनालयाचं, गावात मध्यवर्ती आहे, पण भोवती बाजारपेठ आणि गर्दी आहे. गंगापूर रोडच्या कुसुमाग्रज स्मारकातल्या सभागृहात गंभीर कार्यक्रमांना येणारा वर्ग नेहमीचा आहे, तिथे जाऊन चौकशी करा. याशिवाय शाळेचा हॉल, नृत्याच्या क्लासचा हॉल, एखादी आर्ट गॅलरी, ओळखीतलं मोठ्या हॉलचं घर. आमचं मत स्पष्ट आहे, पहिल्या प्रयोगाला साठ-सत्तर लोक मावतील एवढीच जागा घ्या आणि ती भरू द्या.

जागा बघायला जाताना ज्या वाराला आणि ज्या वेळी कार्यक्रम करायचाय त्याच वाराला त्याच वेळी जा. दुपारी तीनला शांत असलेला हॉल संध्याकाळी सातला तसा नसतो. तिथे गेल्यावर हे करा: दारं लावा, पंखे बंद करायला सांगा, मोबाइल बाजूला ठेवा आणि पाच मिनिटं गप्प बसा. मग पंखे लावून परत बसा. एसी असेल तर तोही लावून बघा. मग एक टाळी वाजवा आणि ती किती वेळ घुमते ते ऐका. फरशी आणि काचा असलेल्या हॉलमध्ये घुमारा जास्त येतो, सतरंज्या टाकल्या आणि माणसं बसली की बराच कमी होतो, त्यामुळे थोडा घुमारा असेल तर घाबरू नका, पूर्ण मेलेल्या खोलीपेक्षा तो बरा.

विचारायच्या गोष्टी: शेजारच्या हॉलमध्ये त्याच दिवशी काय आहे, वरच्या मजल्यावर झुंबा किंवा ढोल पथकाची प्रॅक्टिस चालते का, जनरेटर कुठे आहे आणि लाइट गेली तर तो आपोआप सुरू होतो का कोणीतरी जाऊन सुरू करतं, जवळच्या देवळात आरती किती वाजता असते. आरतीची वेळ खरंच विचारा. आमच्या एका कार्यक्रमात बरोबर मध्यावर घंटा आणि झांजा सुरू झाल्या. आमचा हार्मोनियमवाला त्या झांजांच्या सुरात गेला आणि दहा मिनिटं फार सुंदर गेली, पण ते आम्हाला वेळ माहीत होती म्हणून. आम्ही तो भाग मुद्दामच मोकळा ठेवला होता.

पांडवलेणीबद्दल वेगळं लिहितो कारण प्रत्येक नवीन ग्रुपला ही आयडिया येते. तिथला घुमारा अप्रतिम आहे यात वाद नाही. पण लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय तिथे कार्यक्रम करता येत नाही, स्पीकर आणि केबल घेऊन वर चढायचा विचारच सोडा. गोदाघाटाचंही तसंच मोह पाडणारं आहे. वसंत व्याख्यानमालेला घाटावर लोक तासन् तास शांत बसून ऐकतात हे आपण सगळ्यांनी बघितलंय, पण ती त्या व्यासपीठाची कमाई आहे. उघड्यावर बारीक आवाज हवेत विरून जातो. घाट नंतर कधीतरी करा.

५. तारीख: पंचांग उघडा

हो, खरंच. लग्नाच्या तिथीला शहरभरच्या लॉन्सवर डीजे असतो आणि रस्त्यावर वरात. गंगापूर रोडला तर एका रस्त्यावर किती लॉन्स आहेत ते माहीतच आहे. तारीख ठरवायच्या आधी तिथी नाही ना ते बघा. गणपती, नवरात्र हे तर उघडच टाळायचे.

पितृपक्ष हा काळ आमच्या मते फार चांगला. लग्नं नाहीत, हॉल रिकामे असतात, गणपतीचे ढोल थांबलेले असतात आणि नवरात्राचे अजून सुरू झालेले नसतात. फक्त रामकुंड आणि पंचवटीच्या बाजूला श्राद्धविधींसाठी बाहेरगावची खूप गर्दी असते, तिकडची जागा घेऊ नका. आणि घरातल्या मोठ्यांना पितृपक्षात नवीन काही सुरू करायचं नसेल तर त्यांच्याशी वाद घालू नका, दुसरी तारीख बघा.

थंडीत पंखे बंद ठेवता येतात, हा फार मोठा फायदा. एप्रिल-मेमध्ये पंख्याशिवाय लोक बसणार नाहीत आणि पंख्याखाली घागर ऐकू येणार नाही. पावसाळ्यात तबल्याच्या, ढोलाच्या पुड्या सैल पडतात, तेव्हा चामड्याची वाद्यं निदान दीड-दोन तास आधी हॉलमध्ये आणून ठेवा आणि मगच लावा. आणि २०२७ च्या सिंहस्थाच्या दिवसांत रस्ते आणि पोलीस यंत्रणा सगळी तिकडे असणार, त्या काळात शहरात कार्यक्रम ठेवायच्या आधी दहा वेळा विचार करा.

६. परवानग्या आणि कागद

बंदिस्त हॉलमध्ये छोटा कार्यक्रम असेल तर फार डोकेदुखी नाही, पण "हॉलवाले बघतील" असं धरून बसू नका. हॉल बुक करतानाच विचारा की पोलीस स्टेशनचं पत्र तुम्ही घेता का आम्ही घ्यायचं. हद्द कुठली ते नीट विचारून घ्या, कॉलेज रोड आणि गंगापूर रोडला रस्ता ओलांडला की हद्द बदलते असं होऊ शकतं आणि मग एक चक्कर फुकट जाते.

जवळ ठेवायचे कागद:

- हॉल बुकिंगची पावती आणि डिपॉझिटची वेगळी पावती
- पोलीस स्टेशनच्या नावे अर्ज, दोन प्रतींत: कार्यक्रमाचं स्वरूप, तारीख, सुरू आणि संपायची वेळ, अंदाजे किती लोक, साऊंड कोणाचा
- आयोजक म्हणून ज्याची सही आहे त्याच्या आधारची झेरॉक्स, दोन फोटो
- वाजवणाऱ्यांची नावं
- जागा महापालिकेची असेल तर त्या विभागीय कार्यालयाचं ना हरकत पत्र
- आवाजाचे नियम पाळू असं साध्या भाषेतलं हमीपत्र, मागितलं तर द्यायला

अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. कार्यक्रमाच्या दिवशी पोच आणि पावत्या एका फाइलमध्ये दाराशी बसणाऱ्या माणसाकडे ठेवा, वाजवणाऱ्याकडे नको.

आवाजाचे नियम पाठ असू द्या, ते २००० सालचे केंद्राचे आहेत. लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद (बंदिस्त सभागृहाला आतल्या आत सूट आहे), निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, व्यापारी भागात ६५, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा भाग सरकारने शांतता क्षेत्र म्हणून जाहीर केलेला असेल तर तिथे दिवसा ५०. आपलं संगीत हळू असतं, हॉलबाहेर फारसं जात नाही, हे अर्ज देताना सांगितलं की समोरचे साहेबसुद्धा निवांत होतात. कार्यक्रम साडेआठपर्यंत संपवा म्हणजे प्रश्नच नको.

गाण्यांच्या हक्कांबद्दलही हॉलवाले कधी कधी विचारतात. तुम्ही कोणाची रचना वाजवतच नसाल तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी संस्था) प्रश्न येत नाही, तसं एका ओळीत लिहून द्या. पण लोक येऊन बसेपर्यंत स्पीकरवर रेकॉर्डेड गाणी लावलीत तर त्याचं लायसन्स वेगळं लागतं. लावूच नका. अर्धा तास गाणी ऐकून भरलेले कान घेऊन लोक बारीक आवाज ऐकू शकत नाहीत, लायसन्सपेक्षा हे कारण मोठं आहे.

७. सामान आणि साऊंड

सामानाची यादी: दोन बारा इंची स्पीकर स्टँडसकट, छोटा मिक्सर, दोन कंडेन्सर माईक, कॉन्टॅक्ट माईक लागतील तेवढे, डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळवून देणारा डबा), एक्स्टेंशन बोर्ड तीन पिनचेच, गॅफर टेप किंवा कापडी टेप, नव्या नऊ व्होल्टच्या बॅटऱ्या, सोल्डरिंग गन, जास्तीच्या केबल, टॉर्च, जाड कपडे (वाद्यांखाली टाकायला).

कॉन्टॅक्ट माईक घरी बनवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात २७ मिलिमीटरची पिझो डिस्क अगदी स्वस्तात मिळते, शिल्डेड केबल आणि जॅक घ्या, सोल्डर पटकन करा कारण जास्त वेळ गन धरली तर आतली पांढरी चकती जाते. जोडावर थोडा हॉट ग्लू टाका. भांडीबाजारातून जुनी तांब्याची घागर घ्या, कल्हई असलेली-नसलेली दोन्ही ठोकून बघा, आवाज वेगळा येतो. डिस्क काठाजवळ चिकटवली की आवाज चिरका येतो, बुडाशी चिकटवली की घुमणारा, नक्की जागा कानानेच ठरवा आणि मार्करने खूण करून ठेवा, म्हणजे प्रयोगाच्या दिवशी शोधत बसायला नको. घागरीत तांब्याभर पाणी घालून ती हळूहळू तिरकी केली की सूर सरकतो. हा आवाज मोकळ्या कानाला जेमतेम येतो, माईकने मात्र पूर्ण खोली भरते.

इथे एक ट्रॅप आहे. पिझो सरळ मिक्सरच्या साध्या इनपुटला लावला तर आवाज पत्र्यासारखा पातळ येतो, खालचे सूर गायब. पिझोला हाय इम्पिडन्सचं इनपुट लागतं, म्हणजे मिक्सरवर गिटारसाठी असतं ते बटण, किंवा अ‍ॅक्टिव्ह डीआय, किंवा छोटा प्रीअ‍ॅम्प. घागर वाईट नसते, जोडणी वाईट असते.

हम आला, म्हणजे सतत बूंऽऽ असा आवाज, तर आधी सगळं सामान एकाच पॉइंटवरून घ्या, लाइटचे डिमर असतील तर ते वेगळ्या फेजवर घ्यायला हॉलच्या इलेक्ट्रिशियनला सांगा. कोणीतरी येऊन सल्ला देईल की तिसरी पिन काढून टाका, हम जातो. अजिबात करू नका. अर्थिंग काढून ओल्या हाताने घागर वाजवणं म्हणजे जिवाशी खेळ आहे.

आता साऊंडवाल्या दादांबद्दल. ते त्यांच्या कामात तरबेज असतात, फक्त त्यांची सवय वेगळ्या कार्यक्रमांची असते, त्यामुळे आधी पंधरा मिनिटं बसून चहा घेत त्यांना सगळं समजावून सांगा. चार गोष्टी नक्की सांगा. एक, इको पूर्ण बंद. दोन, आम्ही हळू झालो की फेडर (मिक्सरवरची आवाजाची पट्टी) वर घेऊ नका, आम्ही मुद्दाम हळू झालोय. तीन, इलेक्ट्रॉनिकवाल्याकडून शिट्टी आली तर ती कदाचित त्यानेच काढलेली असेल, त्याच्याकडे बघा, त्याने हात वर केला तरच कापा. चार, काहीच आवाज येत नसेल तर केबल तपासायला स्टेजवर येऊ नका, ती शांतता आहे. चौथी सांगितली नाही तर ते शंभर टक्के येतात, आणि काळजीपोटीच येतात बिचारे.

स्पीकर शक्यतो वाजवणाऱ्यांच्या मागे, कमी आवाजात ठेवा. मग वेगळा मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडे तोंड केलेला स्पीकर) लागत नाही आणि लोकांना जे ऐकू येतं तेच तुम्हालाही येतं. आवाज जास्त ठेवलात तर मात्र फीडबॅक (स्पीकरचा आवाज परत माईकमध्ये जाऊन येणारी शिट्टी) येईल, म्हणून कमीच.

८. लोकांना काय सांगायचं, तिकीट किती

पोस्टरवर "फ्युजन" लिहू नका. फ्युजन वाचून येणारे तबला-गिटारची जुगलबंदी ऐकायला येतात आणि त्यांचा काही दोष नसताना नाराज होऊन जातात. सरळ लिहा: "आधी न ठरवलेलं संगीत, चार वादक, पन्नास मिनिटं, मध्यंतर नाही." वेळ लिहिलीत की नवीन माणूसही हिंमत करून येतो.

तिकीट जरूर ठेवा, शंभर-दीडशे का होईना. फुकट असलं की लोक मधेच येतात, मधेच जातात. माणशी ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर संगीताच्या कार्यक्रमाला जीएसटी लागत नाही, त्यामुळे तो गुंता नाही. विद्यार्थ्यांना अर्ध्यात द्या.

सुरू करायच्या आधी एकाने तीन मिनिटं बोला, जास्त नको. काय होणार आहे, किती वेळ होणार आहे, टाळ्या शेवटी. एवढंच. सिद्धांत सांगू नका. कार्यक्रमानंतर मात्र भरपूर थांबा, कारण खरे प्रश्न तेव्हा येतात. आमच्याकडे एक काका आले होते, आयुष्यभर शास्त्रीय ऐकलेले. ते म्हणाले, "राग कोणता म्हणायचा हा?" सांगितलं की काका, राग नव्हता. "मग तो मधला भाग, ते पोरगी घागर वाजवत होती तेव्हा हार्मोनियमवर कोमल निषाद किती वेळ धरून ठेवला होता, ते आधी ठरलेलं ना?" नाही काका, तेही तिथेच झालं. त्यावर ते म्हणाले, "मग परत कधी आहे?" नवीन लोकांना यातलं काही कळणार नाही असं धरून चालू नका. नाशिकच्या लोकांनी पिढ्यान् पिढ्या मैफली ऐकल्यात, त्यांचे कान तयार आहेत, फक्त त्यांना कोणी बोलावलेलं नसतं.

९. प्रयोगाचा दिवस

चार तास आधी पोचा. सतरंज्या अर्धगोलात, मागे एक-दोन रांगा खुर्च्या ज्येष्ठांसाठी, स्टेज असेल तरी शक्यतो खालीच बसा. साऊंड चेकला पूर्ण ताकदीने वाजवू नका. एकेकाचा सगळ्यात हळू आवाज घ्या आणि एकाने शेवटच्या रांगेत बसून ऐका, तो आला की बाकीचे येतातच. साऊंड चेकमध्ये एकत्र मात्र वाजवू नका, एक-दोन मिनिटंसुद्धा नको, नाहीतर पहिला ताजा तुकडा रिकाम्या हॉलमध्ये संपून जातो.

दाराशी एक माणूस हवा, ज्याला नाही म्हणता येतं. सुरू झाल्यावर उशिरा येणाऱ्यांना तो बाहेर थांबवेल आणि वादक थोडे मोठ्या आवाजात गेले की आत सोडेल. दाराच्या बिजागरीला तेल घालून घ्या, हे ऐकायला छोटं वाटेल पण करकरणारं दार पन्नास मिनिटांत दहा वेळा वाजतं. चहा-बिस्किटं नंतर, आत प्लास्टिकची पाकिटं नकोत.

लहान मुलं आली तर येऊ द्या. मूल बोललं तर बोललं. आईबाबा अवघडून बाहेर जायला निघतात, त्यांना दारावरच्या माणसाने हळूच सांगायचं की बसा, चालतं.

वाजवताना लाइट गेली तर थांबू नका. घागर, हार्मोनियम, ढोल यांना वीज लागत नाही. हे आधीच ग्रुपमध्ये बोलून ठेवा की लाइट गेली तर इलेक्ट्रॉनिकवाला काय करणार, आणि जनरेटरवाल्याला सांगून ठेवा की लगेच सुरू करायची घाई नको, आमचा माणूस येऊन सांगेल तेव्हाच.

१०. रेकॉर्डिंग आणि नंतरचं काम

रेकॉर्डिंग कराच, कारण हे परत होणार नाही. मिक्सरमधून एक आणि खोलीतला एक असं दोन्हीकडून घ्या, नुसत्या मिक्सरच्या रेकॉर्डिंगमध्ये माईक नसलेली वाद्यं येतच नाहीत. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट स्टीरिओ ठेवलं तर तासाला साधारण १ जीबी लागतो, कार्ड रिकामं करून आणा. लेव्हल अशी ठेवा की मोठ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील, हळू भाग नंतर वाढवता येतो, फाटलेला आवाज दुरुस्त होत नाही. रेकॉर्डर सतरंजीवर ठेवू नका, पावलांचे धक्के येतात, स्टँडवर डोक्याच्या उंचीला ठेवा.

त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी कॉपी करा. वाजवलेल्या सगळ्यांना पूर्ण रेकॉर्डिंग द्या आणि नेटवर टाकायच्या आधी सगळ्यांची परवानगी घ्या, लेखी घेतलेली बरी, कारण ही रचना कोणा एकाची नसते. नावं लावताना सगळ्यांची सारख्या आकारात, वाद्यासकट.

हॉल सोडताना टेपचे तुकडे काढा, सतरंज्या मोजून परत द्या, पाण्याची घागर फरशीवर सांडली असेल तर पुसा आणि हॉलच्या माणसाला बोलावून सगळं दाखवा. डिपॉझिट त्याच दिवशी मिळालं नाही तर कधी मिळणार ते पावतीच्या मागे लिहून सही घ्या. आणि आलेल्या लोकांपैकी ज्यांनी नंबर दिलेत त्यांची यादी लगेच करून ठेवा, पुढच्या वेळी पोस्टरच्या आधी त्यांना फोन करायचाय.